सिलोनमार्गे सांगली

रेडिओ सिलोन लावणं हे आमच्या साताऱ्याच्या घरात काकाचं काम. व्हॉल्व्हचा रेडिओ तापायला वेळ घ्यायचा, म्हणून बुधवारी तो आठाच्या आधीच बटण फिरवून ठेवायचा. मग काटा केसभर इकडे, केसभर तिकडे. खरखर, एखादी लांब शिट्टी, कुठल्या तरी अनोळखी भाषेतल्या बातम्या, आणि एकदम अमीन सयानी, आधी बहिणींना आणि मग भावांना हाक मारणारे. बिनाका गीतमाला सुरू!

सातारा डोंगरांच्या कुशीत. इकडे अजिंक्यतारा, तिकडे यवतेश्वर. पण शॉर्टवेव्हला डोंगराची अडचण नसते. कोलंबोहून निघालेल्या लहरी आभाळातल्या विद्युतभारित थरावरून परतून आमच्या माजघरात उतरायच्या. तो थर सारखा हलता, त्यामुळे आवाज झोपाळ्यासारखा लांब जायचा, जवळ यायचा. गाण्यातला नेमका हवा तो तुकडा बुडाला की आम्ही पोरं तो तोंडाने पुरा करायचो. किती तरी गाणी माझ्या कानात अजून तशीच आहेत, मधूनमधून आमच्या आवाजातली.

१९५२ साली मंत्री बाळकृष्ण केसकरांनी आकाशवाणीवरून सिनेसंगीत हटवलं, तेव्हा देशभरचे श्रोते सिलोनकडे वळले. पुढे १९५७ साली विविध भारती आली आणि गाणी घरी परतली. गीतमाला मात्र माझं सगळं बालपण संपेपर्यंत सिलोनवरच राहिली. विविध भारतीची 'जयमाला' साताऱ्यात वेगळ्या कारणाने ऐकली जायची. फौजींच्या फर्माइशी, त्यांची नावं. अपशिंगे मिलिटरीसारखी सैनिकांची गावं ज्या जिल्ह्यात आहेत, तिथे गाण्याआधीची ती नावं ऐकायला बायका हातातलं काम थांबवायच्या.

१९७२च्या वार्षिक गीतमालेत 'दम मारो दम' पहिलं आलं. मी सात वर्षांची. ती गिटार, तो धुरकट आवाज. इतकं नवं काही त्याआधी मी ऐकलंच नव्हतं. काका असली गाणी लागली की आवाज बारीक करायचा. 'पिया तू अब तो आजा'ला तर रेडिओच बंद.

मे महिन्यात कराड, इस्लामपूर करत एसटीने आम्ही सांगलीला आजोळी जायचो. सांगलीला १९६३पासून स्वतःचं आकाशवाणी केंद्र. सकाळी 'प्रभातीचे रंग', पुढे शेतकऱ्यांचे कार्यक्रम, बाजारभाव. रेडिओवर सत्ता आज्जीची. एका दुपारी तेच दम मारो दम लागलं आणि माझा हात सवयीने बटणाकडे गेला. आज्जी म्हणाली, "राहू दे गं. दीनानाथांची लेक आहे ती. मोठा कर."

ते गाणं गाणाऱ्या आशा भोसले यांचा जन्म सांगलीचा, १९३३चा. मास्टर दीनानाथांचं बिऱ्हाड इथे होतं आणि आज्जीने त्यांची नाटकं पाहिली होती. तिचं म्हणणं असं, की ही शब्दांची फेक नाटकातली आहे; माईक नसताना शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द कळायला हवा, ती तालीम ह्या घराची. संगीतकार पंचमने, म्हणजे आर. डी. बर्मन यांनी, आशाबाईंना पाश्चात्त्य ताल दिला, वाद्यं दिली, हे खरंच. पण त्या गोंगाटातही एक अक्षर हरवत नाही, ते कशामुळे, याचं आज्जीच्या उत्तराहून चांगलं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. काकाला जे परकं वाटत होतं, ते आज्जीच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळचं होतं. फक्त साताऱ्याला ते सिलोनमार्गे पोचत होतं.

१९८० साली 'कुर्बानी'तलं 'आप जैसा कोई' आलं. गाणारी नाझिया हसन बरोबर माझ्या वयाची, पंधरा वर्षांची. तिचा चेहरा पाहायच्या कितीतरी आधी मी ते गाणं आरशासमोर गाऊन पाहिलं होतं.

१९९८च्या फेब्रुवारीत ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या पायदानावर एक गाणं चढलं: कॉर्नरशॉप ह्या बँडचं 'ब्रिमफुल ऑफ आशा'. ज्यांच्यावरून गाणं, त्या आपल्या आशाबाईच. पुण्यात भाचीने ते कॅसेटवर लावलं. तिला आशा भोसले माहीत होत्या, सांगली माहीत नव्हती. मी सांगायला लागले: दीनानाथांची नाटकं, बिऱ्हाड, माईक नसलेली शेवटची रांग. तिला गाणं ऐकायचं होतं. मी बोलतच राहिले.