काचेला माया नसते

पुणे, रविवार दुपार

प्रिय बयो,

पत्राला उशीर झाला, कारण तीन आठवडे आमचा ओटा उघडाबोडका होता आणि मी गॅलरीत एका शेगडीवर स्वयंपाक करत होते. तुमच्या लीड्समध्ये ज्याला स्प्लॅशबॅक म्हणतात, त्याला इथले मिस्त्री डॅडो म्हणतात. मी आपली ‘ओट्यामागची भिंत’ म्हणते. तिथल्या सहा इंची पांढऱ्या टाइल्स तुला आठवत असतील. चाळीस वर्षांच्या फोडण्यांनी त्यांच्या सांध्यांतलं व्हाइट सिमेंट हळदीच्या रंगाचं झालं होतं. दाताच्या ब्रशनं घासून बोटं दुखली, पण रंग ढिम्म हलला नाही. सूनबाई म्हणाली, “आई, सांधेच नकोत. एक सलग काच लावू.” मला पटलं. सांधाच नाही तर मळ बसणार कुठे?

माप मी घेणार, हेही मीच जाहीर केलं. तीस वर्षं अख्ख्या पेठेची ब्लाउजं शिवली, एक भिंत मोजता येणार नाही? टेप साठ इंची, म्हणून दोनदा लावली. दुसरं टोक धरून हे उभे. बरोब्बर सहा फूट. काचवाल्याला फोनवर आकडा कळवला आणि वर शहाणपणानं सांगितलं, “अर्धा इंच माया ठेवा हो.”

पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाला, “मावशी, काचेला माया नसते. मीच येतो.”

आला तो पोलादी टेप, ओळंबा आणि गुण्या घेऊन. माझी टेप त्यानं स्वतःच्या टेपेशेजारी ताणून धरली, तर साठ इंचांत तीन सूत सैलावलेली! इतकी वर्षं कुणाचं ब्लाउज कसं बिघडलं नाही, याचा मी रात्री विचार केला. अगं, अंगाचं माप आणि कापड दोन्ही त्याच टेपेनं मोजायचे, मग चोरी उघडी पडणार कशी?

मग त्यानं भिंत तीन उंचींवर मोजली. ओट्यालगत 1840 मिलिमीटर, मध्ये 1836, वर कपाटाखाली 1831. ओळंबा सोडल्यावर कळलं की डावी भिंत सरळ आहे आणि उजवी वर जाता जाता आत झुकते. नऊ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन सूत. (पुन्हा तीन सूत! तेच बहुधा या घराचं गोत्र.) जुन्या गवंड्यानं कडेच्या टाइल्स तिरक्या कापून आणि सांध्यात सिमेंट भरून तो बाक बेमालूम झाकला होता. टाइल्सना चुणी घालता येते, सलग काचेला कुठे घालणार?

त्यातून गॅसमागे साधी काच लावायची सोय नाही, ती आचेनं तडकते. टफन्डच लागते. म्हणजे काच कापून, कडा घासून, भोकं पाडून झाली की भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवायची आणि हवेच्या झोतानं झटक्यात गार करायची. बाहेरचे थर आवळलेले, गाभा ताणलेला. त्या ओढाताणीतच तिची ताकद. पण त्यानंतर तिला कापायला गेलं की अख्ख्या काचेची खडीसाखर होते. जे काय मापायचं ते भट्टीच्या आधी.

म्हणून पातळ प्लायचा साचा केला. इथे मात्र माझी विद्या कामी आली, कारण हे तर आपलं कागदी कटिंग! दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर आणि खाली तीन कमी धरले. शिंप्याची माया बाहेर, काचेची आत. प्लगांसाठीच्या दोन भोकांची मापं एकमेकांपासून घेतली नाहीत, दोन्ही खालच्या डाव्या कोपऱ्यापासूनच घेतली; नाहीतर पहिल्याची चूक दुसऱ्याला वारशानं मिळते. रंग काचेच्या पाठीला द्यायचा असतो. साध्या काचेतून पांढरा हिरवट दिसतो, तो तिच्यातल्या लोखंडामुळे, म्हणून कमी लोखंडाची एक्स्ट्रा क्लिअर घेतली. महाग पडली. हे अजून बिल घडी घालून ठेवतात आणि पुन्हा उघडतात.

साचा गेला आणि दुसऱ्या दिवशी वायरमन आला. वायर नीट वळेना, म्हणून त्यानं मिक्सरच्या प्लगचा बॉक्स बोटभर सरकवला. बोलला कुणाला नाही. दहा दिवसांनी दोघांनी तान्ह्या बाळासारखी काच जिन्यानं वर आणली. डावीकडे बसली, उजवीकडे बसली, आणि भोकातून दिसला बॉक्सचा अर्धाच चेहरा. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी वायरमनकडे.

काचवाला शांतपणे म्हणाला, “काच राहू दे. भिंत फोडा.”

तासाभरात बॉक्स मूळ जागी गेला. प्लास्टरचं ठिगळ काचेमागे कुणाला दिसतंय? मग सिलिकॉन. शिरक्यासारखा वास येणारं काचवाल्यानं बाजूला सारलं, त्यानं मागचा रंग खराब होतो म्हणे. बिनआम्लाचं लावलं.

आता भिंत लखलखीत आहे, एका फडक्यात पुसून होते. पण खरं सांगू? मोहरी तडतडली की थेंब न् थेंब दिसतो, म्हणून मी दिवसातून पाच वेळा पुसते. जुन्या टाइल्स निदान थोडं झाकून घ्यायच्या.

बाकी सर्व क्षेम. नातीचं परकर-पोलकं बेतायला घेतलंय. तिचं माप त्याच जुन्या टेपेनं घेतलं, आणि कापडही त्याच टेपेनं मोजलं.

तुझीच