निशी-कासायची सुशी

तोक्योला निघालेल्या कोल्हापूरकराच्या बॅगेत कांदा-लसूण मसाला असतोच, माझ्याही होता. रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबई, तिथून विमान आणि शेवटी तोझाई लाइनने निशी-कासाय. एदोगावा वॉर्डातल्या या भागात २००० सालाच्या आसपास भारतीय आयटीवाले येऊन राहू लागले. अंबरनाथला जन्मलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच वॉर्डाच्या सभागृहावर निवडून गेले. त्यामुळे रस्त्यात मराठी कानावर पडलं तरी कुणी वळून बघत नाही.

पुतण्या इथंच नोकरीला. दुपारी त्याने मला गल्लीतल्या एका सुशीच्या दुकानात नेलं. फिरत्या पट्ट्यावर बशा येतात तसलं हे नव्हतं. तो प्रकार ओसाकाकडच्या योशिआकी शिराइशी यांनी १९५८ साली सुरू केला, तोही म्हणे बिअरच्या कारखान्यातला पट्टा बघून. इथं एक लांब लाकडी काउंटर, मोजक्या खुर्च्या आणि पलीकडे पांढऱ्या डगल्यातले एक आजोबा.

"काका, मसाल्याची डबी बाहेर काढायची न्हाई हां," पुतण्याने बसायच्या आधीच दम दिला.

आजोबांचे हात बघत बसलो. बोटं व्हिनेगरच्या पाण्यात बुडवायची, लाकडी परातीतून भाताचा गोळा उचलायचा, डाव्या तळव्यावर माशाचा काप, त्याला बोटाने जराशी वसाबी, वर भात. दोन बोटांनी दाब, पालथं करून पुन्हा दाब, की झाली सुशी समोर. वजनकाटा कुठंच नाही, पण एकही गोळा दुसऱ्यापेक्षा मोठा दिसेना.

सुशी म्हणजे कच्चा मासा, हा आपल्याकडचा समज अर्धाच खरा. हातावर वळायची ही सुशी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदोत, म्हणजे जुन्या तोक्योत, गाड्यांवर विकली जाई. श्रेय हानाया योहेई या विक्रेत्याला देतात. बर्फ नव्हता, म्हणून मासा मीठ-व्हिनेगरमध्ये मुरवायचा, सोया सॉसमध्ये भिजवायचा नाहीतर शिजवायचा. आजोबांनी दिलेला कोहादा नावाचा मासा असाच मुरवलेला, चंदेरी सालीचा आणि चांगलाच आंबट. आनागो नावाची समुद्री वाम तर शिजवून वर गोडसर रस लावलेली. कोल्हापुरी जिभेला हे दोन्ही लगेच पटले. ट्यूनाला मात्र थोडा वेळ लागला.

पण खरी करामत भाताची. मी आजरा घनसाळ तांदळाच्या वासावर वाढलेला माणूस, आणि या भाताला वास जवळजवळ नाहीच. व्हिनेगर, मीठ, किंचित साखर. ना गरम ना गार, अंगाच्या उबेइतका. हातात गोळा घट्ट, तोंडात गेला की शीत न् शीत सुटं. दुसऱ्या महायुद्धानंतर धान्याची टंचाई होती आणि १९४७ मध्ये सरकारने खानावळी बंद केल्या. तेव्हा तोक्योच्या सुशीवाल्यांनी तोड काढली: गिऱ्हाइकाने एक गो, म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम तांदूळ आणायचा, त्याबदल्यात दहा नग न्यायचे आणि वळणावळ तेवढी द्यायची. आपल्याकडे मटण आणून दिलं की रांधून देणाऱ्या खानावळी असतात, तसंच हे. धंदा त्या भातावर तगला.

तिखटाचं म्हणाल तर तांबड्या रश्श्याचा जाळ जिभेवर बसतो आणि भुरक्यागणिक चढतो. वसाबीचा झणका सरळ नाकात जातो, डोळ्यांत पाणी आणतो आणि लगेच पसार होतो, कारण त्यातला झोंबणारा अंश हवेत उडून जाणारा. खरी वसाबी किसून घेतात आणि ती महाग. म्हणून पुष्कळ ठिकाणी हॉर्सरॅडिशला हिरवा रंग देऊन भागवतात. मसाल्याची डबी काही उघडली नाही. पुण्या-मुंबईतल्या सुशीवर मेयोनीज आणि तिखट सॉस ओततात, त्यात हा भात पार बुडून जातो, असं माझं मत झालं आहे.

जाणार असाल तर दुपारीच जा, ठरलेला सेट बहुतेक ठिकाणी रात्रीपेक्षा बराच स्वस्त पडतो. मासा सोयात बुडवा, भात नको. हाताने खाल्लं तरी चालतं. टीप ठेवायची पद्धत नाही. शाकाहाऱ्यांनी काकडीची कप्पा-माकी मागावी, पण सोबतच्या मिसो सूपला हात लावण्याआधी विचारावं, त्यात बहुधा माशाचा अर्क असतो.