फिर्यादीची रात्र

२०२५ च्या फेब्रुवारीतील एका रात्री साडेनऊच्या सुमारास माझ्या मोबाइलवर एक संदेश आला. माझ्या नावावर जमा झालेली ३१ लाख रुपयांची रक्कम काढून घ्यावयाची असल्यास तिच्या १५ टक्के, म्हणजे ४,६५,००० रुपये, मी प्रथम कर म्हणून भरावेत, असे त्यात लिहिले होते; आणि हा कर ज्या खात्यात भरावयाचा होता ते कोणा एका व्यक्तीचे बचत खाते होते. कोरेगाव, वाई, फलटण येथील तहसील कचेऱ्यांत ३४ वर्षे नोकरी करून मी अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो आहे. सरकारचा कर चलनाने खजिन्यात भरतात, तो कोणाच्या खाजगी खात्यात कधीही जमा होत नाही, ही गोष्ट माझ्या इतकी अंगवळणी पडलेली होती की, ते एक वाक्य वाचताच गेल्या तीन आठवड्यांचा सारा व्यवहार मला एकदम लख्ख दिसला.

त्या तीन आठवड्यांत मी ११,४०,००० रुपये दिले होते. एका व्हॉट्सॲप गटातून ओळख, मग एक ॲप, त्यावर रोज वाढत जाणारे आकडे, आणि विश्वास बसावा म्हणून पहिल्याच आठवड्यात माझ्या खात्यात खरोखर परत आलेले ४,००० रुपये, असा तो क्रम होता. पैकी ७,१०,००० रुपये मी चार वेळा निरनिराळ्या नावांच्या बँक खात्यांत पाठविले होते, आणि उरलेल्या ४,३०,००० रुपयांचे टेथर हे आभासी चलन एका एक्स्चेंजवर विकत घेऊन त्या गटातल्या लोकांनी दिलेल्या पत्त्यावर रवाना केले होते. दरमहा १० टक्क्यांचे आमिष दाखविणाऱ्या गेनबिटकॉइन प्रकरणात २०१८ साली पुणे पोलिसांनी अमित भारद्वाज यास अटक केली, तेव्हा त्या बातम्या मी बारकाईने वाचल्या होत्या. परंतु दुसऱ्याच्या फसवणुकीची हकीकत ठाऊक असणे हे स्वतःच्या रक्षणाला पुरत नाही.

आता काय करावे, हा प्रश्न उभा राहिला तेव्हा मनात प्रथम आला तो पैशाचा विचार नव्हता. घरात हे सांगायचे कसे, हा होता. अशा प्रसंगी माणूस एक रात्र जाऊ देतो, मग दुसरी जाऊ देतो, काही मार्ग निघेल असे स्वतःलाच समजावीत राहतो, आणि ज्या मौनाला तो अब्रूचे रक्षण समजतो तेच मौन चोराला पळून जाण्यास लागणारा अवधी मिळवून देत असते. मी उठून स्वयंपाकघरात गेलो. पत्नी दुसऱ्या दिवशीच्या दह्याला विरजण लावीत होती. मी उभ्या उभ्याच तिला सारे सांगितले. तिने पातेल्यावर झाकण ठेवले, हात पुसले आणि एवढेच विचारले, “अहो, पोलिसांना कळवलंत का?” मी नाही म्हणालो. “मग आधी ते करा. बाकीचं उद्या बोलू.” या एका वाक्याचे माझ्यावर जे ऋण आहे ते फिटण्यासारखे नाही.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी केंद्रीय गृहमंत्रालयाने चालविलेला १९३० हा क्रमांक मी ९ वाजून ५५ मिनिटांनी लावला. पलीकडच्या तरुणाने सांत्वन केले नाही की दोषही दिला नाही. त्याने माझी बँक, रक्कम, व्यवहाराची वेळ आणि व्यवहार क्रमांक विचारला. ही माहिती तत्काळ पैसे गेलेल्या खात्याच्या बँकेकडे पोहोचते, आणि पैसे अद्याप तेथे किंवा पुढच्या कोणा खात्यात शिल्लक असतील तर ते तिथल्या तिथे रोखून धरता येतात, हे मला नंतर समजले. म्हणून या कामात तासांना महत्त्व आहे. फोन ठेवताच राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर सविस्तर तक्रार भरली आणि पोचक्रमांक कागदावर उतरवून ठेवला.

झोप येणे शक्य नव्हतेच, तेव्हा मी एक आखीव ताव घेतला आणि आयुष्यभर जे काम केले तेच करावयास बसलो. तारीख, वेळ, रक्कम, कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्या खात्यात, असे पाच रकाने आखून पहिल्या संदेशापासून शेवटच्या संदेशापर्यंत सर्व हकीकत क्रमवार लिहून काढली. संतापाच्या भरात तो गट सोडावा, ॲप काढून टाकावे, संदेश पुसून टाकावेत असे वाटत होते. पण ते सारे पुराव्याचे कागद आहेत हे ध्यानात ठेवून प्रत्येकाचे छायाचित्र घेतले. टेथर ज्या पत्त्यावर गेले होते तो इंग्रजी ‘टी’ अक्षरापासून सुरू होणारा ३४ अक्षरांचा पत्ता मी हाताने दोनदा उतरवला, आणि दोन्ही वेळा कोठे ना कोठे लहान अक्षराच्या जागी मोठे पडले. अशा पत्त्यात एक अक्षर चुकले तर तो पत्ताच उरत नाही. म्हणून तो मोबाइलवरून जसाच्या तसा उचलून छापून घेतला, आणि त्याखाली प्रत्येक व्यवहाराचा ६४ अक्षरी क्रमांक जोडला.

सकाळी प्रथम बँकेत लेखी अर्ज दिला, त्याच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतला, आणि मग पोलीस ठाणे गाठले. पैसे परराज्यातील खात्यांत गेले असल्याने तक्रार तेथे द्यावी, असे मला प्रथम सांगण्यात आले. परंतु भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, फिर्याद कोणत्याही ठाण्यात नोंदविता येते, हे मी नम्रपणे पण निश्चयाने निदर्शनास आणले, आणि फिर्याद दाखल झाली. तिची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी. ठाण्यात दाद न लागल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करता येतो, आणि तेथेही न लागल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. माझा जबाब घेणारे तरुण उपनिरीक्षक तो आखीव ताव बराच वेळ वाचीत राहिले आणि म्हणाले, “काका, लोक आमच्याकडे रडत येतात, कागद घेऊन कोणी येत नाही.”

त्यांनीच मला आभासी चलनाची ती जगजाहीर नोंदवही उघडून दाखविली. माझे टेथर एका पत्त्यावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या पत्त्यावर गेलेले मिनिटासेकंदासह तेथे नमूद होते. गावच्या फेरफार नोंदवहीत जसा जमिनीचा प्रत्येक बदल क्रमाने येतो तसाच येथे चलनाचा येतो. भेद इतकाच की, या नोंदवहीत खातेदाराचे नाव नसते. ते नाव कळण्याचा संभव उत्पन्न होतो तो चलन एखाद्या एक्स्चेंजवर रुपयांत किंवा डॉलरांत बदलून घेतले जाते तेव्हा. भारतात मार्च २०२३ पासून अशा एक्स्चेंजांना काळा पैसा प्रतिबंधक कायद्याखाली आणलेले असल्यामुळे ग्राहकांची ओळख पटवून तिचे अभिलेख जपणे त्यांना बंधनकारक आहे. म्हणून ज्या एक्स्चेंजवरून मी चलन घेतले त्यांनाही त्याच दिवशी फिर्यादीच्या प्रतीसह पत्र पाठवून सर्व अभिलेख जतन करण्याची विनंती केली. टेथर काढणारी कंपनी आपले चलन विशिष्ट पत्त्यावर गोठवू शकते. पण त्यासाठी तपासयंत्रणेची मागणी लागते, आणि ती वेळेवर व्हावी लागते.

नवव्या दिवशी एका सभ्य आवाजाच्या गृहस्थाचा फोन आला. माझी रक्कम किती, ती कोणत्या तारखांना गेली, हे त्याला ठाऊक होते. आपण बुडालेले आभासी चलन परत मिळवून देतो, फक्त ४०,००० रुपये आगाऊ भरा आणि तुमच्या वॉलेटचे १२ गुप्त शब्द सांगा, असे तो म्हणाला. एकदा लुटलेल्याची यादी दुसऱ्या लुटारूच्या हाती जाते, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले. एकदा झालेला व्यवहार उलटविण्याची सत्ता कोणत्याही तज्ज्ञाकडे नाही, पोलीस किंवा न्यायालय वसुलीसाठी आगाऊ रक्कम मागत नाहीत, आणि ते १२ शब्द म्हणजे तिजोरीची किल्लीच होय. ती मागणारा कोणीही असो, तो चोर समजावा. तोही क्रमांक मी उपनिरीक्षकांना लिहून दिला.

पुढे आठ महिने तारखा, अर्ज आणि स्मरणपत्रे यांत गेले. शेवटी संहितेच्या कलम ५०३ अन्वये केलेल्या अर्जावर न्यायदंडाधिकाऱ्यांनी हुकूम दिला, मी बंधपत्र लिहून दिले, आणि १,८६,००० रुपये माझ्या खात्यात परत आले. बाकीचे गेले, ते येतील अशी आशा मी धरीत नाही. परंतु जे आले ते कोणत्या रकमेतून आले हे मला सांगितलेच पाहिजे. त्या तीन आठवड्यांत आधी पाठविलेल्या रकमांतील एक रुपयाही सापडला नाही. जे रोखले गेले ते त्या रात्रीच्या फोनपूर्वी, त्याच दिवशी सकाळी, पाठविलेल्या २,३५,००० रुपयांपैकी होते. मी आणखी दोन रात्री गप्प राहिलो असतो तर तेही उरले नसते. ज्यांच्यावर हा प्रसंग गुदरला असेल त्यांनी लाज ज्याची त्याच्यापाशी, गुन्हेगारापाशी, ठेवावी. आधी १९३० वर कळवावे, मग घरी बसून सर्व लिहून काढावे, आणि यातले काहीही उद्यावर टाकू नये.