माशी आणि मासा

‘गळाला लागणे’, ‘आमिष दाखवणे’ असे वाक्प्रचार करून आपल्या भाषेने मासेमारीची गणना फसवणुकीत केव्हाच करून टाकली आहे. मराठीच्या अभ्यासकांना ‘मानसोल्लास’ ठाऊक असतो तो त्यातील जुन्या मराठी पदांमुळे. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हेही प्रकरण आहे आणि कोणत्या माशाला कोणते खाद्य घालावे याचा तपशील त्यात येतो. म्हणजे तिथे गळाला निदान खराखुरा घास असतो. हिमाचलातील तीर्थन या छोट्या नदीवर ट्राउटसाठी जो गळ टाकतात त्यावर असते माशी, आणि तीही खोटी. पिसे नि दोरा यांची बांधलेली.

ऑक्टोबरच्या सुट्टीत आम्ही दोघे सहकारी तिथे चार दिवस राहिलो. पावसाळ्याचा गढूळपणा निवळला होता; तळातला गोटा न् गोटा दिसत होता. अशा पाण्यात माशालाही माणूस दिसतो. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून थांबतो, म्हणून गळ टाकणारा खालच्या अंगाने, त्याच्या पाठीमागून येतो. माशीला वजन जवळजवळ नसतेच, ते दोरीला असते. काठी मागेपुढे झुलवून दोरी हवेत उलगडायची आणि माशी पाण्यावर अलगद उतरवायची. खरी परीक्षा त्यानंतर. दोरीला प्रवाहाचा ताण बसला की माशी पाण्याहून निराळ्या गतीने ओढली जाते आणि मासा तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. उलट ओबडधोबड माशीही प्रवाहाच्या गतीने वाहिली तर त्याला खरी वाटू शकते.

शोकात्मिका ही कृतीची अनुकृती असते, हे ॲरिस्टॉटलचे म्हणणे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. रूप हुबेहूब असून भागत नाही, वागणे साधावे लागते, याचा इतका रोकडा दाखला मात्र आम्हांला पुस्तकात मिळाला नव्हता.

पण इथेच आमच्यात मतभेद झाला. नाटक हे नाटक आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. त्या आभासाला त्याची संमती असते. ट्राउटची संमती कोणी घेतली? या प्रश्नावर आमच्यापैकी एकाने दुसऱ्या दिवशी काठी खाली ठेवली. दुसऱ्याचे म्हणणे असे, की हा मासाच मुळी या नदीचा नाही; ब्रिटिश अमदानीत शिकारीच्या हौसेपायी तो हिमालयात आणला गेला. शिवाय काटा अणकुचीविना होता आणि मासा तर आपण सोडूनच देत होतो.

१ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर तिथे ट्राउटच्या मासेमारीला बंदी असते. त्या थंडीत मादी शेपटीने खडीत खळगा करून अंडी घालते. बंदीचे ते महिने आमचा वाद मिटवत नाहीत, लांबणीवर टाकतात. मासा पाण्यात परत सोडता येतो, पण झालेली फसवणूक मागे घेता येत नाही, एवढे मात्र आता दोघांनाही मान्य आहे.