पथ्य किती दिवस?

माझ्या आजाराचं नाव एरिथ्रोमेलॅल्जिया. ग्रीकमधले तीन शब्द जोडून केलेलं: लाल, अवयव, वेदना. सायलस वेअर मिचेल या फिलाडेल्फियाच्या डॉक्टरने १८७८ साली ते दिलं. नावात कारण कुठेच नाही, फक्त काय दिसतं आणि काय होतं तेवढंच आहे. आमच्याकडे बग नोंदवताना शीर्षक देतात तसं.

होतं ते असं. तळपाय आधी गुलाबी होतात, मग बीटासारखे लाल. हात लावला तर तापलेले लागतात आणि आतून निखारा ठेवल्यासारखी आग होते. कधी वीस मिनिटं, कधी रात्रभर. तळपायाची आग मस्तकाला जाते, असं लोक रागाबद्दल म्हणतात. मी ते आता रागाबद्दल म्हणत नाही. बर्फाच्या पाण्यात पाय बुडवले की लगेच बरं वाटतं आणि नेमकं तेच करायचं नसतं, कारण सतत भिजून कातडी सोलते, जखमा होतात, त्या चिघळतात. म्हणून पंखा, आणि कोल्हापूरच्या घरात शहाबादी फरशी.

निदान व्हायला जवळपास तीन वर्षं गेली. बूट बदला, जीवनसत्त्वं घ्या, लॅपटॉप कमी करा, सगळं ऐकून झालं. काही जणांत हा आजार रक्तातल्या प्लेटलेट वाढल्यामुळे होतो, माझ्या ठीक निघाल्या. काही कुटुंबांत तो आनुवंशिक असतो. २००४ साली चीनमधल्या संशोधकांना अशा रुग्णांमध्ये एससीएन९ए या जनुकातले बदल सापडले. हे जनुक वेदनेच्या मज्जातंतूंमधली सोडियमची एक वाट घडवतं. बदल झाला की ती वाट फार सहज उघडते. आणि या जनुकाचं काम पूर्ण बंद पडलं तर? २००६ साली उत्तर पाकिस्तानातल्या काही कुटुंबांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातल्या मुलांना वेदना कळतच नव्हती. या अभ्यासाची सुरुवात रस्त्यावर निखाऱ्यांवरून चालण्याचे खेळ करणाऱ्या एका मुलापासून झाली होती. चौदावा वाढदिवस यायच्या आत तो छपरावरून उडी मारून गेला. ते वाचल्यापासून ‘वेदनाच नको’ असं मी रात्री तीन वाजतासुद्धा म्हणत नाही.

माझ्या तपासणीत तो बदल सापडला नाही. बहुतेकांच्यात सापडत नाही. मला गोळ्या सुरू झाल्या, त्यांनी थोडा फरक पडला. बाकीचा प्रश्न ताटावर आला.

आईचा पहिला प्रश्न होता, “पथ्य काय?” दुसरा, “किती दिवस?” आमच्याकडे पथ्याला शेवट असतो. कावीळ झाली की तेल-तूप बंद, आणि मग एक दिवस कुणीतरी म्हणतं, आता खा सगळं. आईला ती तारीख हवी होती. तोवर मावशीने एक रील पाठवला, त्यातली एकवीस पदार्थांची यादी आईने फ्रिजवर चिकटवली. दूध, गहू, टोमॅटो, वांगं, डाळी, सगळं बाद. दोन महिन्यांत माझं वजन सात किलोने उतरलं आणि पाय तसेच पेटत राहिले. मग ती यादी मी काढली आणि एक्सेल उघडलं.

चौदा आठवडे नोंदी केल्या. खोलीचं तापमान, काय खाल्लं, किती खाल्लं, गरम की गार, आग किती मिनिटं. एका वेळी एकच बदल. हा पुरावा एका माणसापुरताच आहे, पण ते पाय माझेच आहेत. आजीच्या हिशेबातले लसूण, पपई, आंबा, बाजरी हे सगळे ‘उष्ण’ पदार्थ निर्दोष सुटले. मिरची मात्र पकडली गेली. वाफाळता चहा पकडला गेला, रात्रीचं भरपेट जेवणही, आणि ऑफिसच्या पार्टीतली वाइनही.

मिरचीच्या बाबतीत आजीचा शब्द जवळजवळ शास्त्रीय आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन मज्जातंतूंच्या टोकांवरच्या टीआरपीव्ही-१ नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतं, आणि साधारण ४३ अंशांवरची उष्णता ओळखणारं प्रथिनही तेच. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली ते ओळखलं. २०२१ चं नोबेल त्यांना ज्या कामासाठी विभागून मिळालं त्यात हा शोध होता. म्हणजे तिखट ही चव नव्हेच, ते तापमानाचं खोटं रीडिंग आहे. शरीर ते खरं मानतं, घाम फोडतं, कातडीकडे जास्त रक्त पाठवतं. इतरांचं त्यात नाक वाहतं. माझे पाय पेटतात.

पण नोंदींमधून निघालेली खरी गोष्ट वेगळी होती. कुठलाही पदार्थ एकटा गुन्हेगार नव्हता. माझ्या शरीराला एक उंबरठा आहे आणि उष्णता त्याच्यापर्यंत साचत जाते. उकाडा, जिना, मोजे, चहा, मिरची, सगळ्यांची बेरीज होते. जानेवारीतल्या सकाळी अर्धी प्लेट मिसळ चालते. एप्रिलमध्ये कोमट वरणभातसुद्धा कधी कधी जास्त होतो. पुण्याचा एप्रिल माझ्या हातात नाही, ताट आहे. त्यामुळे आहाराने मी बरी झाले असं कुणी माझ्या नावावर सांगू नये, आणि हे वाचून कुणी गोळ्याही सोडू नयेत. आहाराने मला तो उंबरठा गाठायला थोडा उशीर करता येतो, एवढंच. कधी त्या उशिरात झोप लागून जाते.

हे आईला समजावणं कठीण गेलं. कोल्हापूरच्या घरात तांबडा रस्सा नाकारणं म्हणजे माणसालाच नाकारणं. ती त्यात कमी तिखट घालायची आणि तरीही ताटाकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत बसायची.

गेल्या वर्षी एक स्थळ आलं. “पायाचं आत्ताच नको सांगूस,” आई आदल्या रात्री म्हणाली. मी सांगितलं. कांदेपोह्यांतली मिरची बशीच्या कडेला काढताना मुलाच्या आईने विचारलंच होतं, मग अर्धवट काय सांगायचं? त्या शांतपणे ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, “मग हे पथ्य किती दिवसांचं?” मी म्हटलं, कायमचं. तिकडून पुन्हा फोन आला नाही. पायांमुळे, पत्रिकेमुळे की माझ्या पगारामुळे, कळायला मार्ग नाही. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने पांढरा रस्सा केला.

पांढऱ्याची अडचण अशी की तो गरमच प्यायचा असतो. गार होऊ दिला तर वर मटणाच्या चरबीचा थर धरतो आणि वाटीत मेणबत्ती वितळवल्यासारखं दिसतं. आम्ही तो कोमट असताना गाळायचं ठरवलं. आता मी घरी जायच्या आधी आई मोबाइलवर हवामान बघते आणि फोन करते. मागच्या शनिवारी तिकडे २४ दाखवत होतं. चार हिरव्या मिरच्या घालते, म्हणाली. दोनवर तडजोड झाली.