दोन तासांचा जिना

शनिवारी रात्री भाईंदरला लाईट गेली आणि आतून धाकट्या बहिणीची किंकाळी, "दादा, माझा जिना गेला रे!" सोमवारी तिचं सबमिशन. यूपीएस कधीच मेलेला. मी (सॉफ्टवेअरवाला ना!) ऐटीत सरसावलो. ऑटोकॅड स्वतःहून दर १० मिनिटांनी टेम्प फोल्डरमध्ये 'एसव्ही-डॉलर' फाईल ठेवतं. एक्स्टेन्शन बदलून 'डीडब्ल्यूजी' केलं की झालं. लाईट आली, फाईल सापडली, उघडलीसुद्धा. जिना नाही! वेळ बघितली तर दोन तासांपूर्वीची. असं कसं?

मग आठवलं. ऑटोसेव्ह होताना जुना पीसी अडकतो म्हणून ती कटकट करत होती, तेव्हा त्या १० चे १२० मीच केले होते.

तिला अजून सांगितलेलं नाही. रात्री दोनपर्यंत मुकाट्याने पायऱ्यांची मापं वाचून दाखवत बसलो.