गाणाऱ्याच्या कानास अनावृत पत्र

गाणाऱ्याच्या कानास,



गाण्याच्या व्यवहारात सगळी काळजी गळ्याची. ज्येष्ठमध त्याला, कोमट पाणी त्याला, मफलरही त्यालाच. आंबट खाऊ नको, गार पिऊ नको, ही पथ्यंसुद्धा त्याच्याच नावाने. तुझी विचारपूस कुणी करत नाही. रियाजात जे बिघडतं, त्यातलं बरंचसं तुझ्या हद्दीत बिघडतं आणि आळ मात्र गळ्यावर जातो. म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे.

दुसऱ्याचं गाणं ऐकताना तुला काय धार चढते! मैफलीत गायकाचा निषाद केसभर उतरला की तू लगेच भुवईला वर्दी देतोस. शेजारच्याला कोपरखळी जाते. तोच तू घरी मालकाने तंबोरा सुरू केला की बिनपगारी रजेवर. मालकाला जे गायचं होतं ते तुला ऐकू येतं. प्रत्यक्षात जे बाहेर पडलं, ते खोलीभर फिरून खिडकीतून निघून जातं.

उदाहरणच देतो. भूप, मध्यलय तीनताल, मुखडा नवव्या मात्रेपासून. विद्यार्थी छान आलापी करत असतो. सहावी-सातवी मात्रा आली की मुखडा पकडायची घाई सुरू होते. हातातला धैवत अर्धाच सोडला जातो, श्वास ओढल्याचा आवाज होतो आणि मुखडा खालीच्या किंचित आधीच निघतो. पुढची अक्षरं एकमेकांवर पडत समेवर येतात. सम मिळाली, म्हणून तू खूश. पुढच्या आवर्तनात तेच, त्याच्या पुढच्यातही तेच. तार षड्जाकडे जाताना खालून घसटत जाणं, वर पोचेपर्यंत जबडा आवळला जाणं आणि मोकळ्या आकाराचा दबका अकार होणं, हे तर तुला आता ऐकूच येत नाही. संध्याकाळी वहीत नोंद होते: रियाज, दोन तास. त्या दोन तासांत चूकही तितकीच इमानाने घोटली गेली, हे वहीत येत नाही. घोटलेलं पक्कं होतं, मग ते बरोबर असो की चूक.

पूर्वी गुरुगृही राहणाऱ्याला गुरूचा कान दिवसभर उसना मिळायचा. आतल्या खोलीतून 'हं!' आलं की बाहेर शिष्याचा गंधार जागेवर. आता आठवड्यातून एक क्लास, तोही कधी स्क्रीनवर. बाकीचे सहा दिवस सगळा कारभार तुझ्यावर. मदतीला मोबाइल आहे, पण तो कसा वापरायचा हे तू ठरवायला हवं.

पहिल्यांदा स्वतःचं ध्वनिमुद्रण ऐकलं की आवाज पातळ आणि परका वाटतो. त्याने खचू नकोस. गाताना मालकाचा आवाज तुला हवेतून येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो आणि त्या वाटेने येणारा खालचा भाग त्याला भरदार करतो. ध्वनिमुद्रणात ती वाट बंद असते. श्रोत्यांना ऐकू येतो तो आवाज या पातळ आवाजाच्याच जवळचा आहे. मोबाइलचीही एक खोड लक्षात ठेव: हळू आवाज वर आणि मोठा आवाज खाली आणून तो सगळं सपाट करू पाहतो. तेव्हा नाजूकपणा आणि जोर यांचा निवाडा त्यावर करू नकोस, सूर आणि लय यांचा कर. गाऊन झाल्या झाल्या लगेच ऐकूही नकोस. काय गायचं होतं ते डोक्यात ताजं असतं आणि तू पुन्हा तेच ऐकतोस. दुसऱ्या दिवशी ऐक, आणि एका वेळी एकच गोष्ट तपास. आज फक्त मुखडे. उद्या फक्त श्वास कुठे घेतला ते.

सूर दाखवणारी ॲप्स हल्ली फार झाली आहेत. हिरवा दिवा लागला की मुलं खूश होतात. माझा त्यांच्यावर फारसा विश्वास नाही. त्यातली बहुतेक ॲप्स पेटीच्या सारख्या अंतराच्या बारा पट्ट्या धरून मोजतात. भूपाचा गंधार मिळायला हवा तो तंबोऱ्याशी. जवारी नीट लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गंधार बोलतो आणि तो पेटीच्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट उतरता असतो, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाएवढा. तिथे सूर मिसळला की तंबोरा आणि गळा वेगळे काढता येत नाहीत. हे तुला कळतं, दिव्याला कळत नाही.

गळा बंद पडल्यावर तू काय करू शकतोस, याचे दाखले आपल्याच घराण्यांत आहेत. अतिगायनाने उस्ताद अल्लादियाखाँसाहेबांचा आवाज गेला. परत आला तो पूर्वीचा नव्हता. त्या नव्या आवाजाला काय झेपेल हे ओळखून त्यांनी गायकी घडवली आणि तीच पुढे कोल्हापूर-मुंबईच्या वाटेने जयपूर-अत्रौली म्हणून महाराष्ट्रात रुजली. त्याच परंपरेतल्या किशोरीताई आमोणकरांचाही आवाज तरुणपणी काही काळ गेला होता. कुमार गंधर्व क्षयाने आजारी पडून 1948 साली देवासला गेले. काही वर्षं गाणं बंद. एक फुप्फुस जवळपास निकामी. बरे होऊन गायला बसले तेव्हा लांब दमसासाची नक्कल करण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. छोटे, तुटक, टोकदार स्वरसमूह आले आणि लोकांनी त्यालाच कुमारांची गायकी म्हटलं. या मंडळींचं मोठेपण सोसण्यात होतं असं म्हणायची पद्धत आहे. मला त्यांचं मोठेपण ऐकण्यात दिसतं. स्वतःच्या गळ्याची खरी हकिगत त्यांनी ऐकली आणि मान्य केली.

आता मंचाचं. घरी चोख चौकशी कर, पण मंचावर तीच फाइल उघडून बसू नकोस. काल तार षड्ज लागला नव्हता, समोर अमुक बुवा बसलेत, मघाची तान निसटली, असली कुजबुज गाताना केलीस की मालकाचा पुढचा स्वरही जातो. तिथे तुझी कामं मोजकी आहेत: तंबोरा, तबल्याचा ठेका आणि मालकाचा पुढचा श्वास. मॉनिटरमधून तंबोरा ऐकू येतोय ना, हे आधी बघ. गोंगाटात आपला आवाज ऐकू आला नाही की माणूस नकळत ओरडू लागतो आणि अर्ध्या तासात गळा बसतो. धडधडत्या छातीने घेतलेली विलंबित लय घरच्यापेक्षा चढीच असते, म्हणून पहिला शब्द उच्चारण्याआधी मुखडा एकदा मनात पूर्ण म्हणून घे. तेवढा वेळ श्रोते थांबतात. साथीदार तर आनंदाने थांबतात.

कार्यक्रम झाल्यावर 'वा, छान झालं!' येतंच. त्याच्यावर समाधान मानू नकोस. तबलजीला गाठून विचार, दुसऱ्या तानेनंतर लय कुठे गेली होती? तो सुरुवातीला हसून टाळेल. पुन्हा विचार.

शेवटी एकच विनंती. कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण फेसबुकवर टाकण्याआधी मालकाला ते एकदा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न थांबता ऐकायला लाव.

कळावे, लोभ असावा.